समूहगानातील एकल स्वर

दक्षिण कोरियातील ‘बी. टी. एस.’ या सात तरुण गायकांच्या समूहाने १४ जून २०२२ रोजी प्रसारित झालेल्या एका चित्रफितीत, एकत्र भोजन करता करता, एक निवेदन केले. नऊ वर्षे खांद्याला खांदा लावून गायिल्यानंतर आता प्रत्येकजण काही काळ स्वतःच्या संगीताकडे लक्ष देणार आहे, एवढाच त्या निवेदनाचा आशय होता. त्यात भांडण नव्हते, फारकत नव्हती, की निवृत्तीची भाषाही नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी सोलच्या शेअरबाजारात त्यांच्या ‘हाइब’ या कंपनीच्या शेअरची किंमत सुमारे २५ टक्क्यांनी कोसळली. कंपनीचे सुमारे १.७ अब्ज डॉलरचे बाजारमूल्य एका दिवसात नाहीसे झाले. समूह विसर्जित झालेला नाही, असा खुलासा कंपनीला तातडीने करावा लागला. विशीतिशीतल्या सात माणसांनी आपले गाणे आपण शोधू म्हणावे आणि त्याने बाजार हादरावा, ही घटना करमणुकीच्या पानावर सोडून देण्याजोगी नाही. कलावंत कोणाचा असतो, हा जुनाच प्रश्न तिने नव्या स्वरूपात उभा केला आहे.

त्या दिवशी सर्वांत स्पष्ट बोलला तो समूहाचा नायक किम नाम-जून. ‘आर. एम.’ या नावाने तो गातो. कोरियन लोकप्रिय संगीताची ही सारी पद्धती माणसाला परिपक्व होण्यासाठी वेळच देत नाही, सतत काही ना काही निर्माण करीत राहावे लागते आणि त्या धावपळीत आपल्याला नेमके काय सांगायचे आहे हेच कळेनासे होते, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. ऑगस्ट २०२० मध्ये ‘डायनामाइट’ या इंग्रजी गाण्याने समूहाला अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ गीतक्रमवारीत प्रथमच पहिले स्थान मिळवून दिले. ते शिखर गाठल्यानंतरच आपण कोणत्या प्रकारचा समूह आहोत हे आपल्याला उमगेनासे झाले, असेही त्याने सांगितले. अपयशाने खचलेले कलावंत पुष्कळ असतात. यशाच्या ऐन शिखरावर उभे राहून यशाविषयी शंका घेणारे थोडे. म्हणूनच नाम-जूनची एकल कारकीर्द केवळ त्याच्या चाहत्यांच्या नव्हे, तर इतरांच्याही आस्थेचा विषय व्हावयास हवी.

साच्यातील शिक्षण

या तक्रारीचे मर्म समजण्यासाठी त्या पद्धतीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कोरियातील आधुनिक तरुण संगीताची सुरुवात सो ताइजी आणि त्याच्या दोन साथीदारांनी १९९२ मध्ये केली, असे सामान्यतः मानले जाते. सो ताइजी हा बंडखोर होता. १९९५ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने त्याच्या एका गाण्याच्या शब्दांवर आक्षेप घेतला, तेव्हा ते गाणे त्याने शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यसंगीताच्या रूपात प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये ही पूर्वपरीक्षणाची प्रथा रद्द झाली. त्याच वर्षाच्या आरंभी त्याचा समूह निवृत्त झाला होता आणि त्याच वर्षी ली सू-मान यांच्या कंपनीने ‘एच. ओ. टी.’ हा पाच मुलांचा समूह रंगभूमीवर आणला. सरकारी कात्रीची सत्ता संपली आणि कंपनीच्या साच्याची सुरू झाली, असे या योगायोगाचे वर्णन करता येईल.

हा साचा विलक्षण कार्यक्षम आहे. अकरा-बारा वर्षांपासूनची मुले चाचणीतून निवडावयाची, त्यांना काही वर्षे गायन, नृत्य, परभाषा, कॅमेऱ्यापुढील वावर यांचे कठोर शिक्षण द्यावयाचे, वसतिगृहात एकत्र ठेवावयाचे आणि अनेकांतून चार-सहा जणांचा समूह बांधून बाजारात उतरवावयाचा. जे मागे पडतात त्यांची नावे कोणाला कळत नाहीत. जे पुढे जातात त्यांच्या करारांची कथाही फारशी निराळी नव्हती. २००९ मध्ये ‘टी. व्ही. एक्स. क्यू.’ या समूहातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर कोरियाच्या व्यापार आयोगाने आदर्श करारपत्र तयार करून अशा बंधनाला साधारणपणे सात वर्षांची मर्यादा घातली. कलावंताचे तारुण्य किती वर्षे तारण ठेवता येईल, हे एखाद्या आयोगाला ठरवावे लागते, यावरून त्या व्यवसायाची प्रकृती ध्यानात यावी.

नाम-जून या साच्यात बाहेरून आला. १२ सप्टेंबर १९९४ चा त्याचा जन्म. सोलजवळच्या इल्सान या उपनगरात तो वाढला आणि शाळकरी वयातच भूमिगत रॅप गायकांच्या वर्तुळात वावरू लागला. २०१० मध्ये संगीतकार बँग शी-ह्योक यांच्या त्यावेळच्या लहानशा कंपनीने त्याला करारबद्ध केले. ‘बी. टी. एस.’चा तो पहिला सदस्य. रॅप गायकांचा समूह उभारण्याची मूळ कल्पना पुढे बदलली आणि १३ जून २०१३ रोजी जे रंगमंचावर आले ते नाचणाऱ्या, रंगरूप सजवलेल्या सात मुलांचे पथक होते. जुन्या सोबत्यांच्या दृष्टीने तो पोटासाठी विकला गेलेला ठरला. संगीताच्या प्रतिष्ठितांच्या दृष्टीने तो कारखान्यातला आणखी एक नमुना होता. दोन्हीकडून परका ठरण्याची ही जाणीव त्याच्या एकल संगीताचे बीज आहे.

हे बीज रुजण्यास दहा वर्षे लागली. मार्च २०१५ मध्ये त्याने विनामूल्य प्रसिद्ध केलेल्या पहिल्या संग्रहात आव्हानाचा आणि रागाचा सूर प्रमुख आहे. आपण खरे रॅप गायक आहोत हे सिद्ध करण्याची घाई त्यात जाणवते. त्यावेळी तो ‘रॅप मॉन्स्टर’ म्हणवून घेत असे. २०१७ मध्ये ते भडक नाव त्याने टाकून दिले. ऑक्टोबर २०१८ मधील ‘मोनो’ या संग्रहात आवाज खाली आला. सोल शहराविषयी एकाच वेळी वाटणारे प्रेम आणि वीट, पावसाची सोबत, गर्दीतले एकाकीपण हे त्याचे विषय झाले. याच सुमारास, सप्टेंबर २०१८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून तो जगातील तरुणांना स्वतःविषयी बोलण्याचे आवाहन करीत होता. व्यासपीठावरचा आत्मविश्वास आणि गाण्यातला संशय या दोहोंत अंतर होते, आणि ते अंतर लपविण्याचा त्याने प्रयत्न केला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे गमक मानावे लागेल.

चित्रकाराचे ऋण

२ डिसेंबर २०२२ रोजी आलेला ‘इंडिगो’ हा त्याचा पहिला पूर्ण एकल अल्बम. त्यात दहा गाणी आहेत आणि त्यांतील पहिले गाणे युन ह्योंग-गुन या कोरियन चित्रकाराच्या नावाने आहे. १९२८ मध्ये जन्मलेल्या आणि २००७ मध्ये निधन पावलेल्या या चित्रकाराची निवड सहज झालेली नाही. विद्यार्थिदशेत चळवळीत भाग घेतल्यामुळे युन यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. १९५० मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ‘संशयित’ म्हणून त्यांना ठार मारण्यासाठी नेण्यात आले होते. ते थोडक्यात बचावले. १९७३ मध्ये ते ज्या शाळेत शिकवीत होते तेथील एका गैर प्रवेशाबद्दल त्यांनी आवाज उठविला, तेव्हा साम्यवादविरोधी कायद्याखाली त्यांना पुन्हा तुरुंग दाखविण्यात आला. त्यानंतर, वयाच्या पंचेचाळिशीत, ते खऱ्या अर्थाने चित्रे काढू लागले. आकाशाचा निळा आणि मातीचा तपकिरी हे दोनच रंग एकत्र मिसळून, पातळ करून, कोऱ्या कापडावर उभ्या काळसर पट्ट्यांच्या रूपात उमटवावयाचे, एवढीच त्यांची सामग्री होती. तेवढ्यातून त्यांनी एक महान शोकमौन उभे केले.

पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्या या चित्रकाराला अठराव्या वर्षी रंगमंचावर ढकलल्या गेलेल्या गायकाने गुरुस्थानी मानावे, यात मोठा अर्थ आहे. कलावंत होण्यापूर्वी माणूस व्हावे, ही युन यांची धारणा. त्यांचा ध्वनिमुद्रित आवाजच त्या गाण्यात आहे आणि अमेरिकेतील ज्येष्ठ गायिका एरिका बाडू यांचा स्वर त्याला साथ देतो. पुढील गाण्यांत किम साव्होलसारखी लोकगीतांच्या बाजाची गायिका आहे, रॉक संगीतातील युजिन आहे, रॅप संगीतातील पूर्वसूरी टॅब्लो आहे. एकल अल्बम म्हणून जे पुढे आले ते वास्तविक वेगवेगळ्या पिढ्यांशी झालेले संभाषण आहे. समूहातून बाहेर पडलेला माणूस एकटा होत नाही. तो आपली सोबत स्वतः निवडू लागतो, असे यावरून म्हणता येईल.

चित्रकलेवरील हे प्रेम गाण्यापुरते राहिलेले नाही. २०२० मध्ये आपल्या वाढदिवसानिमित्त त्याने कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कलासंग्रहालयास दहा कोटी वॉन दिले. दुर्मिळ झालेली कलाविषयक पुस्तके पुन्हा छापून ग्रंथालयांना द्यावीत, हा त्यामागील हेतू होता. परदेशांतील कोरियन कलावस्तूंच्या जतनासाठी २०२१ आणि २०२२ मध्ये त्याने तितकीच रक्कम दोनदा दिली. तीमधून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातील एका जुन्या वधूवस्त्राचे जतन झाले. त्याने पाहिलेल्या चित्रप्रदर्शनांना त्याच्या मागोमाग हजारो तरुण जाऊ लागले, याकडे उपहासाने पाहण्याचे कारण नाही. कोणत्या का वाटेने होईना, युन ह्योंग-गुन यांच्या चित्रापुढे एखादा विशीतला माणूस दोन मिनिटे स्तब्ध उभा राहत असेल, तर ती लोकप्रियतेची सत्कारणी लागलेली रक्कमच म्हणावयास हवी.

दोन दावेदार

अशा कलावंतावर कंपनीखेरीज आणखी दोघांचा हक्क असतो. एक राष्ट्राचा. कोरियातील प्रत्येक धडधाकट तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ऑलिंपिक पदक किंवा आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक मिळविणारा खेळाडू आणि ठराविक स्पर्धांत विजयी झालेला अभिजात संगीतकार वा नर्तक यांना १९७३ पासून तीतून सवलत आहे. लोकप्रिय गायकाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलून अशा गायकांना तीस वर्षांच्या वयापर्यंत भरतीला मुदत देण्यात आली. त्यापुढची माफी द्यावी की नाही, यावर दोन वर्षे देशभर वाद झाला. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सातही जण सेवा बजावतील असे जाहीर झाले. नाम-जून ११ डिसेंबर २०२३ रोजी भरती झाला, लष्करी वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवू लागला आणि १० जून २०२५ रोजी मुक्त झाला.

या वादात दोन्ही पक्षांनी मूळ मुद्दा बाजूस ठेवला. परकीय चलन मिळवून देतो म्हणून गायकाला माफी द्या, हा युक्तिवाद कलावंताला निर्यातीच्या मालाच्या रांगेत बसवितो. उलट, व्हायोलिनवादकाची स्पर्धा ही राष्ट्रसेवा आणि रॅप गायकाचे गाणे ही मात्र करमणूक, हा कायद्यातील भेदही कोणत्याच तर्कावर टिकणारा नाही. शेतकऱ्याचा आणि गिरणीकामगाराचा मुलगा ज्या बराकीत झोपतो, तेथे गायकानेही झोपावे यात अन्याय नाही. सुधारणा करावयाचीच तर सवलतीचे वर्तुळ वाढविण्याऐवजी ते आखडते घ्यावे, हे अधिक न्याय्य ठरेल. नाम-जूनने सवलतीसाठी गाऱ्हाणे मांडले नाही आणि सेवेची वर्षे वाया गेली असेही भासू दिले नाही, ही गोष्ट त्याला शोभादायक आहे.

दुसरा दावेदार म्हणजे चाहता. त्याचे प्रेम खरे असते, पण ते हिशेबी झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये याच समूहातील जिमिनचे ‘लाइक क्रेझी’ हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या गीतक्रमवारीत थेट पहिल्या स्थानी गेले. एकट्या कोरियन गायकाला हा मान प्रथमच मिळत होता. पुढच्याच आठवड्यात ते ४५ व्या स्थानी उतरले. गाणे वाईट होते असा याचा अर्थ नाही. चाहत्यांनी निवडणुकीतील मतदानाप्रमाणे पहिल्या आठवड्यात संघटितपणे खरेदी केली, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याच वर्षी जुंगकुकचे ‘सेव्हन’ हे इंग्रजी गाणेही प्रथम क्रमांकावर आले. सातांपैकी कोणाचे आकडे मोठे, याची मोजदाद मग सुरू झाली. नाम-जूनचा ‘इंडिगो’ अमेरिकेच्या अल्बम-यादीत तिसऱ्या आणि २४ मे २०२४ चा ‘राइट प्लेस, राँग पर्सन’ पाचव्या स्थानापर्यंत पोहोचला. या अकरा गाण्यांच्या दुसऱ्या अल्बमला त्याने भरतीपूर्वीच आकार दिला होता. तो सहज गुणगुणता येणारा नाही; त्यात तुटक लय आहे, विसंवाद आहे, स्वतःची चेष्टा आहे. योग्य जागी उभा असलेला चुकीचा माणूस हे त्याचे शीर्षक एका वाक्यात त्याचे आत्मचरित्र सांगून जाते. जो कोणतेही सोपे गाणे देऊन पहिला क्रमांक मिळवू शकला असता, त्याने अवघड गाणे देऊन पाचवा पत्करला. या पसंतीतच त्याची प्रगती मोजली पाहिजे.

आक्षेप आणि त्यांचे वजन

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. हे स्वातंत्र्य शेवटी कंपनीनेच दिलेले आहे. अल्बम तिचेच, वितरण तिचे, नफाही तिचा. समूहाने मिळविलेल्या कीर्तीच्या व्याजावर हा गायक प्रयोग करतो आहे. बंडसुद्धा येथे विक्रीस ठेवलेले आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. समूहाचे करार २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्याच कंपनीशी वाढविले गेले. पण आश्रयदात्यावाचून निर्माण झालेली कला जगाच्या इतिहासात थोडीच. आश्रय कोणाचा, यापेक्षा त्या आश्रयाखाली कलावंत काय बोलू शकला, हा निकष अधिक खरा. मालाची मागणी ओळखून माल पुरविणारा आणि मागणीच्या पलीकडचे काही पुढे ठेवणारा, हे दोघे एकाच दुकानात उभे असले तरी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप खुद्द नाम-जूननेच पुरविलेला आहे. मार्च २०२३ मध्ये ‘एल पाइस’ या स्पॅनिश दैनिकाने त्याला कोरियन संगीतव्यवसायातील अतिश्रम आणि तारुण्याचे स्तोम यांविषयी छेडले. तेव्हा त्याने देशाची बाजू घेतली. आक्रमणांनी उद्ध्वस्त झालेला, दोन तुकडे झालेला आणि सत्तर वर्षांपूर्वी हाती काही नसलेला देश लोकांच्या अहोरात्र कष्टांमुळेच आज जगाच्या नजरेत भरला आहे. शतकानुशतके वसाहती लुटणाऱ्यांनी अशा देशाला इतका ताण का घेता म्हणून विचारू नये, अशा आशयाचे ते उत्तर होते. पाश्चात्त्य अहंकाराला दिलेले हे उत्तर बिनतोड आहे. तथापि ते अपुरे आहे. बापाने उपाशी राहून घर बांधले हे मुलाला उपाशी ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. देश दरिद्री असताना जे कष्ट अपरिहार्य होते, ते देश श्रीमंत झाल्यावर केवळ नफ्याची सवय बनून राहतात. किंबहुना वेळ न देणाऱ्या पद्धतीविरुद्ध २०२२ मध्ये बोलणारा नाम-जून हा २०२३ मधल्या नाम-जूनला दिलेले सर्वांत समर्पक उत्तर आहे. या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या मुखातून याव्यात, हा ढोंगीपणा नव्हे. आधुनिक कोरियाच्या मनातील पेच आहे.

मुंबईच्या उंबरठ्यावर

हा पेच आता केवळ कोरियाचा राहिलेला नाही. ‘हाइब’ने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा सुरू केली. येथील तरुण निवडून, शिकवून जगापुढे आणण्याचा तिचा मनोदय आहे. कष्टाळू, गुणी आणि संधीसाठी आसुसलेली मुले येथे मुबलक आहेत. त्यांना शिस्त, तंत्र आणि मोठे व्यासपीठ मिळणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परकीय म्हणून नाक मुरडण्याचा करंटेपणा करू नये. पण साचा आयात करताना त्या साच्याविषयी त्याच्याच सर्वांत यशस्वी अपत्याने दिलेली साक्षही आयात झाली पाहिजे. कराराची मुदत किती, अल्पवयीन मुलांच्या शिक्षणाचे काय, प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या माथी, निवडीतून गळालेल्यांना पुढे कोणता मार्ग, आणि स्वतःच्या नावाने स्वतःचे गाणे करण्याचा हक्क केव्हापासून, हे प्रश्न पालकांनी सही करण्यापूर्वी आणि सरकारने पाहुण्यांना पायघड्या घालण्यापूर्वी विचारावयास हवेत. कोरियाला ते विचारण्यास तिघा गायकांचा खटला व्हावा लागला. येथे तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

सातही जणांची सेवा जून २०२५ मध्ये संपली आणि १ जुलै रोजी त्यांनी २०२६ च्या वसंतात नवा समूह-अल्बम आणि जागतिक दौरा यांची घोषणा केली. मधल्या तीन वर्षांत प्रत्येकाने एकट्याने गाऊन पाहिले. कोणी नाचाकडे वळला, कोणी जॅझच्या वाटेने गेला, कोणी स्वतःच्या जखमांविषयी बोलला. समूह त्यामुळे मोडला नाही. २०२२ च्या जून महिन्यात ज्यांनी घाबरून शेअर विकले त्यांनी केवळ बाजारच नव्हे, माणसेही चुकीची ओळखली होती. समूहाचे बळ त्यातील आवाज एकसारखे करण्यात नसते. प्रत्येक आवाज पुरता वाढल्यावरही ते एकत्र गाऊ इच्छितात, यात असते. ही वाढ होण्यासाठी लागणारा वेळ कंपनीच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूला पडतो. कलेच्या हिशेबात तो भांडवल असतो, एवढे ज्या दिवशी हा व्यवसाय मान्य करील, त्या दिवशी नाम-जूनच्या तक्रारीची दखल घेतली गेली असे म्हणता येईल.